डावखुऱ्याचा खांदा

सकाळी सात वाजता फोनवर तक्ता यायचा, आणि सातला पाच कमी असतानाच बाबा माझ्या मागे येऊन उभे राहायचे. आठ संघ, आठ ओळी. किती जिंकले, किती हरले, पहिल्या नंबरापेक्षा किती सामने मागे. आमची ओळ शोधायला मी वरून सुरुवात करायची आणि ते खालून. त्या हंगामात त्यांना ती माझ्याआधी सापडायची.

हे लिहायला बसले तरी डोकं तापतं माझं. एका खोट्या खेळावरून खऱ्या माणसांवर इतकं चिडायचं असतं का, असं ऑफिसातल्या एकीने मला विचारलं होतं. चिडायचं असतं. कारण सांगते.

तो तक्ता बेसबॉलचा होता. आमच्या उरणकडच्या कोळीवाड्यात बेसबॉलचा खरा सामना कोणी पाहिलेला नाही, मीही नाही. पण हा खेळ मैदानावर होतच नाही. खेळाडू खोटे, मैदान खोटं, टाळ्यासुद्धा खोट्या. आज कोण खेळणार आणि चेंडू कोण फेकणार एवढं तुम्ही ठरवायचं, पुढचा अख्खा सामना संगणक स्वतःच खेळून टाकतो आणि निकाल तुमच्या हातात ठेवतो. दिवेआगरचा एक जण पूर्वी जहाजावर होता, आता वाडीत चार खोल्या बांधून पर्यटक ठेवतो. त्याने जुने जहाजी मित्र जमवले आणि ही लीग काढली. रोज सकाळी चहाच्या आधी तो बटण दाबायचा, चार सामने उरकायचे आणि तक्ता ग्रुपवर पडायचा. त्यातला एक संघ माझ्या धाकट्या भावाचा होता.

आणि त्या संघाशिवाय माझा भाऊ आणि माझे बाबा एकमेकांशी बोलत नव्हते.

ते भांडण सात वर्षांचं. बाबा तांडेल होते, म्हणजे बोट चालवणारे. चाळीस वर्षं सुकाणू त्यांच्या हातात. भाऊ त्यांच्याच बोटीवर सहा वर्षं खलाशी होता. जाळं टाकलं, ओढलं, बर्फ भरला, मासळी निवडली, सगळं केलं. पण सुकाणूला हात लावायची परवानगी त्याला कधीच मिळाली नाही. बाबांच्या बोटीचा कायदा एकच. तांडेल एक, आणि नारळी पुनवेला जो सुकाणूवर बसला तो शिमग्यापर्यंत उठायचा नाही. ताप असो, पाठ मोडो. आजोबांनी तेच केलं होतं आणि त्यांच्या बापानेही. बाबांचा उजवा खांदा दोन हंगाम दुखत होता, तरी ते उठले नाहीत.

मग एका दुपारी परत येताना, खाडीच्या तोंडाशी, त्यांचा हात ऐन वळणावर उचललाच गेला नाही. बोट वाळूच्या दांड्याकडे सरकायला लागली. भाऊ धावला आणि त्याने सुकाणू धरलं. बाबांनी सगळ्या खलाशांसमोर त्याचा हात झटकून टाकला. बोट घासली, तळाची एक फळी गेली, माणसं वाचली. भाऊ त्या दिवशी धक्क्यावर उतरला तो पुन्हा त्या बोटीवर चढला नाही. आठवडाभरात त्याने जहाजावरच्या नोकरीसाठी कोर्स धरला. दोन वर्षांनी खांद्याने पुरता दगा दिला, तेव्हा बाबांना बोट विकावी लागली. आता ते ओटीवर बसून लोकांची जाळी शिवतात आणि केस डाव्या हाताने विंचरतात.

आई त्याआधीच वारली होती. ती असती तर दोघांचे कान धरून समोरासमोर बसवलं असतं तिने. माझ्यात ती धमक नव्हती, त्यामुळे मी मधला टपालवाला झाले. भाऊ जहाजावर नेमकं काय करतो हे बाबांनी सात वर्षांत एकदाही विचारलं नाही. शेजारी विचारायचे, तर हे सांगायचे, "रंग मारतो, गंज काढतो." मी गप्प बसायचे. बाबांनी स्वतः विचारल्याशिवाय काही सांगायचं नाही, अशी भावाची ताकीद होती. दोन्हीकडून हट्ट, आणि मध्ये मी.

तीन वर्षांपूर्वी भावाने संघ घेतला, तेव्हा तक्ता तो मलाही पाठवायला लागला. बाबांनी एकदा खांद्यावरून वाकून विचारलं, "ह्यो कोन?" तो होता डावखुरा. चेंडू फेकणारा, भावाने अठराव्या वर्षी संघात घेतलेला, संगणकातच जन्मलेला आणि तिथेच वाढलेला एक पोरगा. भाऊ लिहायचा, "बाबांना सांग, डावखुऱ्याने जिंकून दिलं." बाबा म्हणायचे, "त्याला सांग, पोरगा चांगला हाय." रोज दोन वाक्यं. सात वर्षांत बापलेकांचं बोलणं म्हणून जे काही होतं ते एवढंच, आणि ते मी जिवापाड जपत होते.

त्या हंगामाच्या तोंडावर भावाला नवं जहाज मिळालं. तिथे इंटरनेट मोजून मापून. फोन बंदरात लागल्यावरच, एरवी एखादा निरोप गेला तर गेला. त्याने संघ माझ्याकडे दिला. "फार काही करू नकोस ताई," म्हणाला. "सगळं लावून ठेवलंय. फक्त तळाला जाऊ देऊ नकोस." कारण लीगचा एक नियम होता. तीस सामने झाल्यावर जो संघ तळाला असेल तो मालकाकडून काढून घ्यायचा आणि रांगेत थांबलेल्या माणसाला द्यायचा. आळशी लोकांना हाकलायला केलेला नियम. आम्ही आळशी नव्हतो. आम्ही जरुरीपेक्षा जास्त उद्योगी निघालो.

पहिला सामना डावखुऱ्याने जिंकून दिला. तक्त्यात आम्ही दुसरे. बाबांनी त्या दिवशी दोनदा चहा घेतला. दुसऱ्या दिवशी संगणकाने आपणहून दुसऱ्याच कोणाला फेकायला पाठवलं आणि आम्ही हरलो.

"डावखुरा कुठं गेला?" बाबांनी विचारलं.

"बसलाय. त्याला आराम दिलाय."

"जिंकून देनारा मानूस खाली बसवला? कोनी?"

"संगणकाने. तसं लावलंय, बाबा. फेकणाऱ्याला एक दिवस फेकल्यावर चार दिवस विश्रांती लागते. इथे लिहिलंय."

मी हे वाचलं होतं. दुसऱ्याच दिवशी वाचलं होतं, हे मला इथे ठळकपणे नोंदवायचं आहे. न्हावा शेव्याला कंटेनर यार्डाच्या गेटवर बसते मी. दिवसभर ट्रेलर येतात. कंटेनरचा नंबर, सीलचा नंबर, कागद, सगळं पडताळल्याशिवाय मी गेटपास देत नाही. सीलचा एक आकडा चुकला तर सहा फुटी ड्रायव्हरला मी परत फिरवते. तो कितीही ओरडला तरी. आणि तीच मी घरात बाबांच्या एका वाक्यापुढे नमले.

"पुनवेला बसला तो उठत नाय," ते म्हणाले. "तांडेल बदलला की बोट बिघडते. काढ ती खूण."

आमच्यात बापाला 'तू' म्हणतात आणि लेकीला 'बाय', पण तांडेलाला उलट बोलत नाहीत. मी 'आपोआप विश्रांती' समोरची खूण काढली आणि डावखुऱ्याला रोजच्या रोज लावून टाकलं.

तिसरा सामना कसाबसा जिंकलो. चौथा हरलो. पाचवा, सहावा, सातवा हरलो. डावखुऱ्याच्या नावापुढची हिरवी पट्टी पिवळी झाली आणि मग लाल. मी म्हटलं, बाबा, तो दमलाय. ते म्हणाले, दमतोच मानूस, मंग काय बसतो का? आठवा सामना कसा कोण जाणे जिंकलो, आणि माझं तोंड पुन्हा बंद झालं. नशिबाने साथ दिली नसती तर बरं झालं असतं त्या दिवशी. दहा सामन्यांत तीन विजय. आम्ही तळाला. ग्रुपवर लोक हसऱ्या तोंडाची चित्रं टाकत होते. दिवेआगरवाला पहिल्या नंबरावर होता आणि त्याने लिहिलं, "उरणचा संघ भलताच मेहनती आहे बुवा." मला वाटलं कौतुक करतोय.

चौदाव्या सामन्यानंतर तक्त्याखाली लाल अक्षरात एक ओळ आली. डावखुरा, खांद्याला गंभीर दुखापत, उरलेला हंगाम बाहेर.

तीन विजय, अकरा पराभव, आणि भावाने चार हंगाम वाढवलेला पोरगा आम्ही चौदा दिवसांत मोडून ठेवला होता.

आधी मी दिवेआगरला फोन लावला. यार्डाची बस गल्लीच्या तोंडाशी उभी होती, मी ती जाऊ दिली.

"तुला दिसत होतं ना?" मी म्हटलं. "रोज बटण तू दाबतोस. तोच माणूस रोज फेकतोय हे तुला दिसत होतं ना?"

"दिसत होतं ना ताई."

"मग बोलला का नाहीस?"

"दुसऱ्याच्या टीममध्ये बोलायचं नाय, असा नियम हाय आपला. मला वाटलं, तुमचा काहीतरी प्लॅन असंल."

"प्लॅन? माणसाचा खांदा जाईस्तोवर त्याला राबवायचा प्लॅन असतो का कोणाचा?"

"ताई, तो काय खरा मानूस हाय का?"

मी फोन आपटला. खरा नाही, हे मलाही कळत होतं. पण चिडचिड त्याने कमी होईना, कारण तो जे बोलला त्यात लबाडी होती आणि थोडं बरोबरही होतं. तो परका. तो का बोलेल? बोलायला हवं होतं ते घरातल्या माणसाने. आणि घरातला माणूस खूण काढून मोकळा झाला होता.

बाबा ओटीवर जाळं मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"खांद्याचा काय येवढा," ते म्हणाले. "माझा पन दुखायचा. दोन हंगाम खेचलं मी."

"आणि मग?" मी विचारलं. "मग काय झालं, बाबा? सांग ना. मग बोट कुठे गेली?"

ते जाळ्याची गाठ मारायला लागले. मी मात्र बोलले. सात वर्षांचं साचलेलं सगळं बाहेर काढलं. शेजारच्या काकू खिडकीत आल्या, तरी थांबले नाही. खाडीच्या तोंडाशी काय झालं ते बोलले, झटकलेल्या हाताबद्दल बोलले. तुझ्या कायद्याने तुझा खांदा गेला, फळी गेली, बोट गेली, पोरगा गेला, आणि आता कागदावरचाही एक पोरगा गेला, म्हटलं. दुसऱ्या दिवशी वाचलं होतं मी, सांगितलं होतं तुला, चार दिवस विश्रांती लागते म्हणून!

बाबांच्या हातातली सुई थांबली होती. त्यांनी विचारलं, "मंग त्या चार दिसांत कोन टाकतो?"

"बाकीचे चौघं. पाच जण असतात. पाळीपाळीने टाकतात."

"त्यांना देतात?"

"द्यावंच लागतं."

"आनि हरलं तर?"

"हरलं तर हरलं. दुसऱ्या दिवशी दुसरा."

त्यांनी जाळं बाजूला ठेवलं. "ती खूण परत लाव, बाय," म्हणाले आणि आत गेले. माफी नाही, काही नाही. मला वाटलं होतं, ओरडून झाल्यावर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. उलट यार्डात त्या दिवशी मी एकाही ड्रायव्हरला नीट बोलले नाही.

त्यानंतरचे पंधरा दिवस आम्ही माणसांसारखे खेळलो. पहिल्या चौघांना त्यांची पाळी मिळाली आणि डावखुऱ्याच्या जागी पाचवा म्हणून राखीव खेळाडूंतला एक एकोणीस वर्षांचा पोरगा घेतला; सुरुवात त्याच्यापासूनच केली. बाबांनी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला पाच आकडे लिहिले आणि रोज एकेकावर रेघ मारायला लागले. आम्ही आठ जिंकलो, सात हरलो. जो संघ चौदा सामन्यांत तीन जिंकला होता तोच हा संघ, तेच फलंदाज. मला याचाच जास्त संताप यायचा. पहिल्या दिवसापासून खूण राहू दिली असती तर आम्ही मधल्या ओळीत निवांत बसलो असतो.

एकोणतीस सामन्यांनंतर तळाला दोन संघ बरोबरीत होते, आम्ही आणि पेणचा एक ट्रान्सपोर्टवाला. दोघांचे अकरा विजय, अठरा पराभव. तिसावा सामना आमचा आपसातच होता. हरणाऱ्याचा संघ जाणार. आणि त्या दिवशी पाळी पाचव्याची, म्हणजे त्या एकोणीस वर्षांच्या पोराची होती.

मी म्हटलं, "बाबा, पाचांतल्या पहिल्याला लावूया का? त्याचे तीन दिवस झालेत. एक दिवस कमी, एवढंच. यापेक्षा बरा आहे तो."

हो, मीच म्हटलं. इतकं सगळं तोंड वाजवून झाल्यावर.

"पाळी कोनाची हाय?" बाबांनी विचारलं.

"पाचव्याची."

"मंग त्यालाच दे."

सकाळी सात वाजता तक्ता आला. पोरगा बरा खेळला होता. आम्ही एका धावेने हरलो. आमची ओळ खालून पहिली, आणि तासाभरात दिवेआगरवाल्याचा निरोप आला की नियमाप्रमाणे संघ दुसऱ्याकडे जातोय, वाईट वाटतं ताई. मी उत्तर दिलं नाही. जे लिहायचं मनात होतं ते आठ जणांच्या ग्रुपवर लिहिण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सात वाजता बाबा सवयीने येऊन मागे उभे राहिले. तक्त्यात आमची ओळ होती, तिच्यापुढे नाव दुसऱ्याचं होतं. ते तरीही हलले नाहीत. आणि तेवढ्यात फोन वाजला. भावाचं जहाज पूर्वेकडच्या कुठल्याशा बंदराला लागलं होतं, तिथे तेव्हा नऊ वाजून गेले होते.

मी काही बोलायच्या आत बाबांनी माझ्या हातातून फोन घेतला. सात वर्षांत पहिल्यांदा. आवाज मोठा करायचं बटण त्यांना माहीत नव्हतं, ते मी दाबलं.

"संघ गेला," बाबा म्हणाले.

मग भाऊ म्हणाला, "बघितलं मी."

"तुझा डावखुरा मी मारला. बाय सांगत होती. तिचं मी आयकलं नाय."

मला वाटलं, हा आता नेटवर्क जातंय म्हणेल आणि ठेवून देईल. बाबांनाही तसंच वाटलं असावं, कारण त्यांनी घाईघाईने रोजचाच प्रश्न विचारला. "आज काय झाला?"

आज आमचा सामनाच नव्हता. सांगायला दोघांकडे काही उरलं नव्हतं. भाऊ जरा अडखळला.

"आज... आज चार ते आठ माझी पाळी होती."

"कसली? रंगाची?"

"सुकानूची."

बाबा खाली बसले. "जहाजाच्या?"

"हां."

"कवाधरनं?"

"पाच वर्षं झाली."

बाबांनी वर माझ्याकडे पाहिलं. "तुला म्हायती होता?"

"होतं," मी म्हटलं.

"बोलली का नाय मंग?"

"तू विचारलंस कधी?" मी म्हटलं, आणि ते मी प्रेमाने म्हटलं नाही. पाच वर्षं हा माणूस कोळीवाड्यात रंगाच्या गोष्टी सांगत फिरला, आणि पाच वर्षं मी ते ऐकून घेतलं, एका वेड्या ताकिदीपायी. त्या क्षणी मला तिघांचाही राग आला होता, माझ्यासकट.

बाबांनी फोन पुन्हा तोंडाजवळ नेला. "आनि आठच्या नंतर?"

"आठला दुसरा येतो. त्याच्या हातात देतो आनि झोपतो."

"रोज?"

"रोज."

फोन त्यांनी डाव्या हातात धरला होता, उजवा मांडीवर होता.

"खांदा दुखतो का रं तुझा?" त्यांनी विचारलं.

"नाय बाबा," भाऊ म्हणाला. "चार तासच असतं."